बागलाणचा शेजार : एका तहाची चिकित्सा

१

कळवणचे खोरे दोन डोंगररांगांच्या मध्ये वसलेले आहे. दक्षिणेस सातमाळ्याची रांग असून तिच्यावर सप्तशृंगी, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, धोडप ही शिखरे व दुर्ग ओळीने उभे आहेत. उत्तरेस डोलबारीची रांग आहे. तिच्या पलीकडे मोसम नदीच्या खोऱ्यात मुल्हेर आणि त्याच्या पश्चिमेस साल्हेर. मधल्या खोऱ्यातून गिरणा पूर्वेकडे वाहत जाते. सतराव्या शतकाच्या आरंभी या दोन रांगांवर दोन निरनिराळ्या सत्ता नांदत होत्या. उत्तरेकडील दुर्ग बागलाणच्या राठोड राजांकडे होते, तर सातमाळ्यावरील दुर्ग अहमदनगरच्या निजामशाहीकडे. आजचा कळवण तालुका ज्या जुन्या बागलाणात मोडत असे, त्या राज्याची दक्षिण सीमा स्थूलमानाने या खोऱ्याच्या कडेने जात होती असे म्हणावयास हरकत नाही.

या राज्याविषयी आपल्या इतिहासग्रंथांत जे थोडेबहुत लिहिले जाते, ते बहुधा त्याच्या अंतापुरतेच असते. इ. स. १६३८ मध्ये शाहजादा औरंगजेब याने मुल्हेर घेऊन बागलाण खालसा केले, एवढे वाक्य लिहून ग्रंथकार पुढे १६७२ च्या साल्हेरच्या लढाईकडे वळतात. हे वाक्य चुकीचे नाही. परंतु त्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. गुजरात, खानदेश आणि अहमदनगर अशा तीन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये हे लहानसे राज्य इतका दीर्घ काळ टिकले तरी कसे? आणि मोगल सत्तेशी तह करून, त्या तहाच्या शर्ती पाळून, पुढे जेमतेम चार दशकांच्या आत ते नाहीसे का झाले?

प्रस्तुत लेखाचा हेतू बागलाणचा इतिहास सांगणे हा नाही. शेजारी राज्यांतील सलोखा व सहकार्य यांसाठी केलेले करार कशाच्या बळावर टिकतात, या प्रश्नाची चिकित्सा बागलाणच्या उदाहरणावरून करावी, एवढाच तो मर्यादित आहे. राज्यशास्त्राचे आपले विद्यार्थी या प्रश्नाचा विचार करताना युरोपातील तहांची उदाहरणे घेतात. ती घ्यावीत, परंतु आपल्या पायाखालच्या भूमीत घडलेले उदाहरणही तितकेच बोधप्रद आहे.

२

बागलाणच्या परराष्ट्रनीतीचे सर्वांत मार्मिक वर्णन एका परकीय सत्ताधीशाने केले आहे, आणि तो सत्ताधीश म्हणजे खुद्द बादशहा जहांगीर. १६१७ मध्ये तो मांडू येथे असताना बागलाणचा राजा त्याच्या भेटीस आला. त्या प्रसंगाची नोंद करताना जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात या राजाचा उल्लेख ‘भर्जीव’ असा केला आहे. हे एका व्यक्तीचे नाव नसून बागलाणच्या गादीवर येणारा प्रत्येक राजा ‘बहारजी’ वा ‘भर्जी’ हे नाव धारण करीत असे. मांडूस आलेला राजा म्हणजे प्रतापशहा.

जहांगीर प्रथम त्या देशाचे वाहते पाणी, आंबे व द्राक्षे यांचे वर्णन करतो. आंबा गोड व मोठा, पण द्राक्ष मात्र फारसे उत्तम जातीचे नाही, असा रसिक अभिप्रायही देतो. नंतर तो जे सांगतो, ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गुजरात, दख्खन व खानदेश येथील राज्यकर्त्यांशी वागताना या राजाने धोरणाचा धागा कधी हातातून सुटू दिला नाही. तो स्वतः त्यांच्यापैकी कोणाच्याही भेटीस गेला नाही. त्यांपैकी एखाद्याने बागलाणवर हात टाकण्याचा विचार केलाच, तर इतरांच्या पाठबळावर तो निर्धास्त राहत असे. पुढे हे तिन्ही प्रदेश अकबराकडे आले, तेव्हा मात्र तो बऱ्हाणपुरास जाऊन अकबराच्या पायांशी नम्र झाला व मनसबदार बनला.

या नोंदीत एका विजेत्याने आपल्याच विजयाची मीमांसा नकळत करून ठेवली आहे. बागलाणचे स्वातंत्र्य दुर्गांच्या उंचीवर अवलंबून नव्हते, ते शेजाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून होते, हे जहांगीरास कळले होते. तीन शेजारी परस्परांचे वैरी असताना प्रत्येकास बागलाण आपल्याकडे नसले तरी चालत होते. ते दुसऱ्याकडे मात्र जाता कामा नये, असे वाटत होते. या नकारात्मक हितसंबंधातच लहान राज्याचे खरे संरक्षण होते.

मात्र जहांगीराच्या विधानात एक अतिशयोक्ती आहे, तीही दाखविली पाहिजे. दख्खन पूर्णपणे अकबराच्या ताब्यात कधीच आले नव्हते. गुजरातची सल्तनत १५७३ मध्ये मोगल साम्राज्यात विलीन झाली आणि १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर खानदेशची फारुकी सत्ता संपली, हे खरे. अहमदनगरचे शहर १६०० मध्ये मोगलांनी घेतले, हेही खरे. तथापि मलिक अंबराच्या कर्तृत्वामुळे निजामशाही त्यानंतरही पस्तीस वर्षे झुंजत राहिली. म्हणजे बागलाणचे दोन शेजारी नाहीसे झाले असले, तरी तिसरा सातमाळ्याच्या रांगेवर अद्याप उभा होता. या तपशिलाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

३

अकबर व प्रतापशहा यांच्यात जो समझोता झाला, त्याचा मूळ लेख आज आपल्यासमोर नाही. त्याच्या अटी आपणांस कळतात त्या मुख्यतः विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनातून. फिंच १६१० मध्ये सुरतेहून बऱ्हाणपुराकडे गेला व वाटेत ऐकलेली माहिती त्याने टिपून ठेवली. मुल्हेरच्या सात वर्षे चाललेल्या वेढ्याची जी कथा तो देतो, ती अक्षरशः घेणे कठीण आहे. अकबराच्या दक्षिणेकडील मोहिमेचा काळ लक्षात घेता ती वाटसरूंच्या तोंडी वाढत गेलेली गोष्ट असावी असे वाटते. परंतु समझोत्याच्या अटी त्याने सांगितल्या आहेत, त्या परस्परांशी सुसंगत असून तत्कालीन परिस्थितीस धरून आहेत.

त्या अशा : बादशहाने प्रतापशहास काही गावे तोडून दिली. त्याच्या मोबदल्यात प्रतापशहाने आपल्या मुलुखातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांचे रक्षण करावे, बादशहास नजराणे पाठवीत जावे आणि आपला एक पुत्र बऱ्हाणपुरास ओलीस ठेवावा.

हा समझोता म्हणजे केवळ मांडलिकत्वाचा कबुलीजबाब होय, त्यास दोन राज्यांमधील करार म्हणणे योग्य नव्हे, असा आक्षेप घेता येईल. तो विचारात घेण्याजोगा आहे. दोन्ही पक्ष समान नव्हते, हे उघड आहे. परंतु करारासाठी समानता आवश्यक असते हे तत्त्व मान्य केले, तर इतिहासातील बहुतेक तह करार म्हणून उरणारच नाहीत. येथे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. बादशहास सुरत ते बऱ्हाणपूर हा व्यापाराचा महामार्ग निर्वेध हवा होता. सुरत हे बंदर व बऱ्हाणपूर ही दख्खनच्या कारभाराची राजधानी. या दोहोंना जोडणारा मार्ग बागलाणच्या डोंगरांच्या आवाक्यात होता. डोंगरातील राजा हा मार्ग मोडूही शकत होता आणि राखूही शकत होता. तो राखावा यासाठी गावे देणे बादशहास फायद्याचे होते. म्हणजे या करारातील खरे कलम मार्गरक्षणाचे. नजराणा हा त्याचा अलंकार होय.

ओलिसाच्या कलमाकडेही नीट पाहिले पाहिजे. ज्याच्यापासून काही भय नाही, त्याच्याकडून कोणी ओलीस मागत नाही. प्रतापशहाचा पुत्र बऱ्हाणपुरास ठेवून घ्यावा असे मोगल मुत्सद्द्यांना वाटले, यावरूनच बागलाणच्या शब्दाला व शक्तीला त्या वेळी काही मोल होते असे अनुमान निघते. त्याचबरोबर दुसरीही गोष्ट ध्यानात येते. बादशहाकडून बागलाणला कोणता ओलीस मिळाला? कोणताच नाही. लहान पक्षाने करार मोडला, तर शासन ठरलेले होते. मोठ्या पक्षाने मोडला, तर त्याला शासन कोण करणार, याची तरतूद करारात नव्हती. ती तरतूद करारबाह्य होती. ती म्हणजे सातमाळ्यापलीकडचा तिसरा शेजारी.

४

आतापर्यंत ज्या साधनांचा विचार केला, ती सर्व बाहेरच्यांची आहेत. बागलाणचा स्वतःचा आवाज कोठे ऐकू येतो काय? येतो, पण तो दप्तरात नसून काव्यात आहे. मुल्हेरच्या, म्हणजे संस्कृतातील मयूरगिरीच्या, दरबारी रुद्रकवी नावाचा दाक्षिणात्य कवी होता. त्याने नारायणशहा राजाच्या आश्रयास असताना १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हे वीस सर्गांचे काव्य रचले. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ते १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. राठोड घराण्याची उत्पत्ती व त्यातील राजांचे पराक्रम हा त्याचा विषय.

काव्य म्हणून या ग्रंथाचे मूल्यमापन करणाऱ्यांस त्यात रूढ संकेतांची पुनरावृत्तीच अधिक आढळेल. परंतु येथे आपला प्रश्न निराळा आहे : हे काव्य कोणाला उद्देशून आहे? ते आपल्याच राजाला, आपल्याच दरबारात ऐकविण्यासाठी लिहिलेले आहे. ज्या राज्याला आपली वंशकथा महाकाव्यात गावीशी वाटते, त्याची स्वतःविषयीची कल्पना स्वतंत्र राज्याची असते.

यानंतर रुद्रकवीने ज्या कृती रचल्या, त्यांचे नायक पाहावेत. १६०३ मध्ये ‘दानशाहचरित’. त्याचा नायक अकबराचा पुत्र शाहजादा दानियाल. १६०९ मध्ये ‘खानखानाचरित’. त्याचा नायक अब्दुर्रहीम खानखाना. यांखेरीज एक कृती जहांगीराविषयी आणि ‘कीर्तिसमुल्लास’ ही शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढे शाहजहान झालेला राजपुत्र, याच्याविषयी. कवी तोच, आश्रयदाते घराणेही तेच. नारायणशहानंतर गादीवर प्रतापशहा आला एवढाच फरक. पण स्तुतीचा विषय मात्र मुल्हेरहून बऱ्हाणपुराकडे गेला.

अभ्यासकांनी या कृतींकडे मोगल दरबारातील संस्कृत विद्येचा पुरावा म्हणून पाहिले आहे. ते योग्यच आहे. तथापि प्रस्तुत लेखकास या नावांच्या क्रमात आणखी एक अर्थ दिसतो. दानियाल, खानखाना, खुर्रम हे तिघेही एकापाठोपाठ एक दख्खनच्या मोगली कारभाराचे वा मोहिमांचे सूत्रधार होते. म्हणजे बऱ्हाणपुरास जो अधिकारावर येई, त्याच्या नावाने मुल्हेरहून एक चरित निघे. ‘खानखानाचरिता’त तर प्रतापशहासाठी रहीमाच्या साहाय्याची अपेक्षा व्यक्त झाली आहे. हे काव्य नसून संस्कृत भाषेत लिहिलेला खलिता आहे, असे म्हटल्यास ते फारसे वावगे होणार नाही. इतर संस्थानिक वकील पाठवीत. बागलाणने वकिलाबरोबर कवीही पाठविला.

या घटनेचा उपहास करण्याचा मोह आवरला पाहिजे. लहान राज्याजवळ सैन्य थोडे आणि खजिना मर्यादित, म्हणून त्याने आपल्याजवळचे उत्तम ते पुढे केले. शिवाय रहीमासारख्या, स्वतः कवी असलेल्या मुत्सद्द्याला काव्य पाठविण्यात औचित्यही होते. परंतु दोष आहे तो अन्यत्र. करार व्यक्तीशी नसून राज्याशी असतो. येथे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याशी सलोखा नव्याने जुळवावा लागत होता, याचाच अर्थ असा की पूर्वीच्या समझोत्याला स्वतःचे बळ उरलेले नव्हते. नायक जसजसे बदलत गेले, तसतसा तहाचा आधार शर्तींवरून कृपेवर सरकत गेला. १५९६ ते १६०९ या तेरा वर्षांतील हे स्थित्यंतर राजकीय कागदपत्रांपेक्षा या काव्यांच्या शीर्षकांतच अधिक स्पष्ट दिसते.

५

कृपा आणि करार यांतील अंतर १६३८ मध्ये दिसून आले. त्याची पूर्वतयारी मात्र दोन वर्षे आधीच, आणि तीही एका सलोख्याच्या तहानेच, झाली होती.

१६३६ मध्ये शाहजहान व विजापूरचा आदिलशहा यांच्यात तह झाला. आदिलशहाने मोगलांचे वर्चस्व मान्य केले, वीस लाख रुपये दिले. निजामशाहीचा मुलूख दोघांनी वाटून घेतला. आणि निजामशाही चालवू पाहणाऱ्या शहाजीराजांना आश्रय द्यावयाचा नाही असे ठरले. त्याच सुमारास सातमाळ्यावरील दुर्ग अलावर्दीखानाने एकामागून एक घेतले. दोन मोठ्या राज्यांतील युद्ध थांबले, सीमा आखल्या गेल्या, शांतता नांदू लागली. तहाच्या शब्दांकडे पाहिले, तर शेजाऱ्यांतील सख्याचे तो एक चांगले उदाहरण ठरेल. परंतु कळवणच्या खोऱ्यात उभे राहून पाहिले असता त्याचा अर्थ निराळा लागतो. आतापर्यंत दक्षिणेच्या रांगेवर बागलाणचा एक शेजारी होता व उत्तरेस दुसरा. आता दोन्ही दिशांस एकच शेजारी उरला.

या ठिकाणी बागलाणच्या मुत्सद्देगिरीतील सर्वांत मोठी चूकही नोंदविली पाहिजे. १६३० च्या सुमारास ख्वाजा अबुल हसन निजामशाहीवर नाशिक-त्र्यंबकच्या बाजूस चालून गेला, तेव्हा बागलाणचा राजा आपले घोडेस्वार घेऊन त्याला सामील झाला होता. कराराने बांधलेला मित्र म्हणून त्याने ते केले असेल. नकार देण्याइतकी मोकळीक त्याला होती असेही नाही. तरी ज्या तिसऱ्या शेजाऱ्याच्या अस्तित्वावर आपले मोल अवलंबून होते, त्याच्याच उच्छेदास त्याने हातभार लावला, हे विसरता येत नाही. आपल्याच कुंपणाच्या काट्या त्याने दुसऱ्याच्या चुलीला दिल्या.

यानंतरचे वर्णन शाहजहानच्या दरबारी इतिहासात, ‘पादशाहनाम्या’त, आले आहे. बागलाणात नऊ किल्ले, चौतीस परगणे व एक हजार एक गावे असल्याचे तेथे नमूद आहे. मुलूख घेण्यापूर्वी त्याची मोजदाद झाली होती, असा याचा अर्थ. दख्खनच्या सुभ्यावर १६३६ मध्ये नेमलेल्या औरंगजेबाने फौज पाठविली, मुल्हेरला वेढा पडला, आणि भर्जीने आपली आई व वकील यांच्या हाती आठ किल्ल्यांच्या किल्ल्या देऊन त्यांना मोगल छावणीत पाठविले. सुलतानपूर परगणा आपणांस मिळावा, एवढीच त्याची मागणी होती. ती मान्य झाली. राज्याचा राजा परगण्याचा जहागीरदार झाला.

ज्या बादशहाच्या नावाने हे घडले, तो शाहजहान म्हणजेच १६१७ चा शाहजादा खुर्रम. ज्या प्रतापशहाने त्याच्यापुढे अकरा हत्तींचा नजराणा ठेवला होता, ज्याला त्याने स्वतः मांडूस नेऊन पित्याच्या दरबारी उभे केले होते, ज्याच्या कवीने त्याची कीर्ती संस्कृतात गायिली होती, त्याचेच राज्य त्याने खालसा केले. यात विश्वासघात झाला असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. ‘पादशाहनाम्या’च्या निवेदनात अपराधाची जाणीव कोठेही नाही; कारण मोगल पक्षाच्या दृष्टीने मोडण्यासारखा करारच शिल्लक नव्हता. सुरतेपासून बऱ्हाणपुरापर्यंत आणि सातमाळ्यापासून तापीपर्यंत आपलाच अंमल असता, मार्गाच्या रक्षणासाठी मध्ये एक राजा कशाला हवा? करार मोडला गेला नाही. त्याचे प्रयोजन संपले, आणि प्रयोजनाबरोबर तोही संपला.

६

या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. शेजारी राज्यांतील सलोख्याच्या कराराची परीक्षा त्याच्या कलमांतील सद्भावनेवरून करू नये. तो कोणत्या परस्पर गरजेवर उभा आहे, आणि त्या दोन पक्षांबाहेर त्याचा साक्षी कोण आहे, यावरून करावी. बागलाणच्या बाबतीत गरज होती ती मार्गाची, आणि साक्षी होता तो तिसरा शेजारी. साक्षी गेला; मागोमाग गरजही गेली.

दुसरा निष्कर्ष अधिक अप्रिय आहे. दोन मोठ्यांमधील सख्याचा तह मधल्या तिसऱ्याच्या मुळावर येऊ शकतो. १६३६ चा तह व १६३८ ची मोहीम यांचा संबंध हा केवळ कालक्रमाचा नाही. आधुनिक काळातही याचे प्रत्यंतर येते. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत व चीन यांच्यात झालेल्या करारात पंचशीलाची तत्त्वे प्रथम ग्रथित झाली, म्हणून त्याची थोरवी आपण गातो. परंतु त्या कराराचा विषय तिबेटशी होणारा व्यापार व तेथील यात्रा हा होता, आणि त्यात स्वाक्षरी करणाऱ्यांत तिबेट नव्हता. दोन शेजाऱ्यांनी तिसऱ्याविषयी केलेला हा सलोखा होता. त्याची आठ वर्षांची मुदत १९६२ मध्ये संपली, आणि त्याच वर्षी ते दोन शेजारी युद्धात उतरले. पूर्वी दोघांमध्ये असलेला तिसरा देश आता उरला नव्हता. दोघांच्या सीमा एकमेकींना थेट भिडल्या होत्या.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही दिले पाहिजे, अन्यथा प्रतिपादन एकांगी होईल. भारत व भूतान यांच्या १९४९ च्या तहात परराष्ट्रव्यवहारात भूतानने भारताच्या सल्ल्याने चालावे असे कलम होते. २००७ मध्ये त्या तहाची पुनर्रचना होऊन ते कलम गेले व राष्ट्रीय हितसंबंधांच्या बाबतीत परस्पर सहकार्याची भाषा आली. करार जसा जुना झाला, तसे लहान पक्षाचे स्थान त्यात क्षीण न होता दृढ झाले. याचे श्रेय भारताच्या उदारतेला द्यावे, तितकेच भूतानच्या भूगोलालाही द्यावे लागेल. त्याच्या उत्तरेस दुसरा मोठा शेजारी आहे आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या रूपाने, तेथे १९७१ पासून सदस्य असल्यामुळे, साक्षीदारांची एक सभाही आहे. प्रतापशहाला अशी सभा उपलब्ध नव्हती.

आंतरराष्ट्रीय कायद्याचे महत्त्व याच ठिकाणी लक्षात येते. ज्याच्याजवळ सामर्थ्य आहे, त्याला कायद्यावाचूनही निभावता येते. कायदा, लेखी शर्त आणि तटस्थ साक्षी यांची आवश्यकता असते ती मुल्हेरच्या राजाला. म्हणूनच शेजारधर्माची भाषा मोठ्या राष्ट्राच्या तोंडून ऐकली, की संशोधकाने लहान शेजाऱ्याचा कागद शोधावा. बागलाणच्या बाबतीत तो कागद एका व्यापाऱ्याच्या टिपणात आणि एका कवीच्या स्तुतीत विखुरलेला सापडला. रुद्रकवीच्या उत्तरकालीन कृती केवळ साहित्याच्या विभागाकडे न सोपविता राजनैतिक पत्रव्यवहार म्हणून पुन्हा वाचल्या जाव्यात, अशी सूचना करून हे विवेचन येथे थांबवितो.

कळवणहून उत्तरेकडे जाणारा वाटसरू आज एकाच जिल्ह्यातून चालत असतो. खोऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या रांगा पूर्वी दोन राज्यांच्या होत्या, याची जाणीव त्याला होण्याचे कारण नाही. ज्याच्या कडेने सीमा जात होती, त्या राज्याने तह केला, पाळला, आणि तो पाळूनही ते राहिले नाही. तह मोडल्याच्या कथा इतिहासात पुष्कळ आहेत. पाळलेला तह निरुपयोगी कसा होतो, हे समजून घ्यावयाचे असेल, तर अभ्यासकाने मुल्हेरपर्यंत जावे.